डोंगरउतारावरची ‘ज्वालामुखीची माती’: कोल्हापूरच्या घाटपट्ट्यात जमीन तपासायची आणि सांभाळायची कशी

गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी. या पट्ट्यात डोंगराची दोन-चार एकर जमीन बघायला निघालात की एजंटाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “साहेब, ज्वालामुखीची माती हाय. काठी रोवली तरी पालवी फुटतीया.” वाक्याचा पहिला भाग खरा आहे, फक्त एजंटाच्या मनातल्या अर्थाने नाही. दुसऱ्या भागावर विसंबून इसार देऊ नये.

कुणाची वडिलोपार्जित वरकस जमीन उतारावर पडून आहे, कुणाला काजू-बांबू लावायचाय, कुणाला वर छोटं घर बांधायचंय. तिघांनाही खालचा क्रम लागू पडतो. घर बांधणारा गडी सगळ्यात घाईत असतो, म्हणून त्याने पाण्याचा भाग दोनदा वाचावा.

लाव्हा वेगळा, राख वेगळी

मोबाइलवर ज्वालामुखीच्या सुपीक मातीबद्दलचे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक जावा बेट, जपान, नाहीतर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे असतात. तिथली माती राखेपासून झालेली आहे. राख म्हणजे काचेसारख्या खनिजाचा बारीक चुरा. तो भराभर कुजतो आणि त्यातून अॅलोफेन नावाचं अतिसूक्ष्म, पोकळ कणांचं खनिज तयार होतं. त्यामुळे ही माती काळपट, भुसभुशीत आणि वजनाला फार हलकी असते, आणि पाणी भरपूर धरते. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात १९९० साली तिला ‘अँडिसॉल’ असा स्वतंत्र गट मिळाला. त्या देशाच्या वायव्येला ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहोच्या डोंगरी जंगलांत माझामा पर्वताच्या सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख अजून उतारांवर पसरलेली आहे. कोरड्या उन्हाळ्यात तिथली झाडं या थराने धरलेल्या ओलीवर तग धरतात.

आपल्या सह्याद्रीचं तसं नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचले आणि त्यांचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड झाला. आजही या दख्खन पठाराचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. या दगडावर लाखो वर्षं उष्ण हवा आणि धो-धो पाऊस पडला. सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन गेलं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. त्याचाच डोंगरमाथ्यावर जांभा झाला आणि उतारावर तांबडी माती. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला बॉक्साइट (अॅल्युमिनियमचं खनिज) निघतं ते याच धुऊन जाण्याचं फळ. म्हणजे आपल्या उतारावरची माती ज्वालामुखीच्या वंशातली असली तरी फार म्हातारी आणि बरीच धुतली गेलेली आहे. जावातल्या मातीचा ताजेपणा तिच्यात नाही.

महाराष्ट्रात ज्वालामुखीची राख अजिबात नाही असंही समजू नका. सुमात्रा बेटावरच्या टोबाच्या महास्फोटाशी जोडले जाणारे राखेचे थर पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हेकाठी मोरगावला सापडलेत. त्यांच्या वयावरून अभ्यासकांचे वाद आहेत. पण ती राख नदीकाठच्या गाळात दबून टिकली, डोंगराच्या अंगावर नाही. तेव्हा खड्ड्यात करडा थर दिसला आणि कुणी “ही बघा ज्वालामुखीची राख” म्हणालं, तर त्यात कोळशाचे तुकडे आहेत का ते बघा. असले तर ती राबाची राख आहे, कुणाच्या तरी आज्याने नाचणीसाठी भाजलेली.

हा फरक माहीत हवा, कारण परदेशी व्हिडिओतला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तरी दोन गोष्टी दोन्ही मातींत सारख्या आहेत. एक म्हणजे दोन्ही स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतात, पिकाला सहजी देत नाहीत. दुसरी म्हणजे उतारावर दोन्ही पाण्याने घसरतात. ६ सप्टेंबर २०१८ ला जपानमध्ये होक्काइडोत भूकंप झाला तेव्हा अत्सुमा भागातले राखेने झाकलेले जंगली उतार हजारो ठिकाणी उतरले. आपल्याकडे भूकंपाचीही गरज लागत नाही. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३): तिन्ही ठिकाणी दरड कोसळली तेव्हा मुसळधार पाऊस सुरू होता. जुलै २०२१ मध्येच पन्हाळ्याला जाणारा रस्ताही खचला. म्हणून उतारावरच्या जमिनीत पहिला प्रश्न सुपीकतेचा नसतो. पाणी कुठून येतं आणि कुठून बाहेर पडतं, हा असतो.

कागद आधी, कुदळ नंतर

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. वन, खाजगी वन, राखीव वन असा कुठलाही शेरा दिसला तर जुने फेरफार काढा आणि वनखात्याकडून लेखी खात्री करून घ्या. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली गेलेल्या जमिनी अजूनही लोकांच्या गळ्यात मारल्या जातात. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. त्याच्या आजूबाजूला काय करता येतं आणि काय नाही, याचे वेगळे नियम आहेत. झाड तोडायला परवानगी लागते, मुरूम उपसायला तहसील कार्यालयाची लागते. एवढं झालं की मग रानात पाय टाका.

पावसात बघा, आणि समोरून बघा

जमीन उन्हाळ्यात दाखवतात, कारण उन्हाळ्यात सगळे डोंगर शहाणे दिसतात. तुम्ही जुलैत जा. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे, त्यामुळे शिरोळच्या पाहुण्यांचा शेतीचा अनुभव इथे कामाला येत नाही.

जमिनीवर उभं राहून उतार कळत नाही. समोरच्या डोंगरावर किंवा पलीकडच्या रस्त्यावर उभे राहा. पाणी कुठल्या रेषेने उतरतंय, ओघळ कुठे एकत्र येतात, मधेच खोलगट बशीसारखा भाग आहे का, हे तिथून दिसतं. असा खोलगट भाग आणि त्याच्या खाली मातीचा फुगवटा म्हणजे इथे पूर्वी कधीतरी माती उतरलेली आहे. घरासाठी सपाट जागा म्हणून नेमका तोच फुगवटा दाखवला जातो.

नंतर जवळ जाऊन झाडं बघा. खोड बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेलं असेल तर माती हळूहळू सरकतेय. एखाददुसरं झाड वाकडं असणं वेगळं, सगळी एकाच बाजूला बुंध्यातून वाकलेली असली तर लक्ष द्या. माथ्याला समांतर भेगा शोधा. गवतात त्या दिसत नाहीत, पायाला लागतात.

जवळपास धनगरवाडा असेल तर तिथे जाऊन एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा. “मामा, झरा कुठं फुटतो? कुठल्या साली जागा बदलली?” एवढे दोनच प्रश्न विचारा. ज्याने त्या डोंगरावर जन्मभर जनावरं चारली त्याला कुठली जागा पावसाळ्यात थरथरते ते ठाऊक असतं. हे तुम्हाला कुठल्याच नकाशावर मिळणार नाही.

उतार मोजायला गवंड्याची नळी पुरते

मोबाइलमध्ये कोन मोजायची अॅप असतात, अंदाजाला ठीक आहेत. पक्कं मोजायचं तर गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी घ्या. दोन मीटरची सरळ पट्टी वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, नळीने ती आडवी सपाट करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ७० सेंटिमीटर भरलं तर उतार ३५ टक्के, म्हणजे साधारण १९ अंश. शंभर टक्के उतार म्हणजे ४५ अंश. टक्के आणि अंश यांची गल्लत सगळेच करतात. माथा, मध्य आणि पायथा, तिन्हीकडे चार-चार ठिकाणी मोजा आणि वहीत लिहा.

३३ टक्क्यांच्या वर सहसा समपातळी चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत काढलेले) खोदत नाहीत. त्याच्या वरच्या भागाला झाडांखाली राहू द्या. तिथे एकच धंदा चालतो, काही न करण्याचा.

खड्डा: खरी ओळख इथे

दिवाळीनंतर, पाऊस थांबून वाफसा आला की खड्डा घ्या. मीटरभर रुंद, दीड मीटर खोल, उताराच्या मध्यावर. निघालेली माती खालच्या बाजूला ढकलून देऊ नका, एका अंगाला ढीग करा आणि काम झाल्यावर परत भरा. डोंगराकडची भिंत खुरप्याने सरळ तासा, कारण वाचायची ती भिंत.

वरून खाली साधारण असं दिसेल: पालापाचोळा, मग दोन-चार बोटं काळपट मऊ माती, मग तांबडी, मग पिवळट-तांबडा मुरूम, मग कुजका दगड आणि शेवटी कातळ. जंगल शाबूत असेल तिथे काळपट थर वीतभरही मिळतो. वणवा लागत असेल तिथे तो जवळजवळ नसतो. जमीन किती पैशाची आहे हे या काळ्या थरावरून ठरवा. एकरी भाव बोलण्याआधी तो बोटांनी मोजा.

आता मुळं बघा. मुळं सरळ खाली गेलेली असतील तर ठीक. एखाद्या खोलीवर येऊन ती सगळी आडवी वळलेली दिसली, तर तिथे काहीतरी अडवणारं आहे. त्या रेषेवर हात फिरवा. बाकी भिंत कोरडी असताना तिथे बोटाला गार, चिकट ओल लागते. मातीत करडे-पिवळे ठिपके दिसतात. कधी डिसेंबरातही त्या रेषेतून पाण्याचे बारीक थेंब जमून हळूच खाली ओघळतात. वरचं सगळं पाणी जिथे येऊन थांबतं तो हा थर, आणि पावसाळ्यात माती घसरली तर ती याच पातळीवरून घसरते. खोली मोजून लिहून ठेवा. हा एक आकडा पुढच्या सगळ्या निर्णयांना लागेल.

अडवणारा थर आपल्याकडे दोन प्रकारचा सापडतो. जांभ्याच्या खाली पांढुरकी-जांभळट मऊ चिकणमाती असते. जांभा सच्छिद्र, पाणी गटागटा पितो, आणि खालची चिकणमाती ते अडवते. माथ्याला जांभा आणि कड्याच्या पायथ्याशी झरे, ही आपल्या डोंगरांची नेहमीची रचना त्यातूनच आलेली आहे. दुसरा प्रकार म्हणजे दोन लाव्हाथरांच्या मधला विटकरी लाल थर. घाटरस्त्याच्या कापात काळ्या दगडांमध्ये आडवी लाल पट्टी दिसते ती हीच. ती जुन्या लाव्ह्याचा कुजलेला पृष्ठभाग की मधल्या काळात पडलेली राख, यावर भूशास्त्रज्ञांत मतं आहेत. एजंटाला राखच हवी असेल तर त्याने इथे शोधावी. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की हा थर चिकणमातीचा असतो, ओला झाला की निसरडा होतो, आणि त्याच्या डोक्यावर घर नको.

मातीला हात लावून

तांबड्या थरातली मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची, पाच सेंटिमीटरच्या वर गेली तर चिकण. पण घाई करू नका. आपल्या तांबड्या मातीत लोहामुळे चिकणमातीचे बारीक गोळे घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा ती हाताला रेताड लागते. दोन-तीन मिनिटं मळत राहिलं की गोळे फुटतात आणि ती चिकट व्हायला लागते. नवखा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात “भरड आहे, निचरा चांगला” म्हणून मोकळा होतो.

राखेची माती असती तर वेगळंच झालं असतं. ती नुसती ओलसर असताना जोरात चिमटीत दाबली की आतलं पाणी एकदम सुटतं आणि बोटं सरकायला लागतात. कोल्हापूरच्या उतारावर असं होणार नाही. तरी करून बघा, म्हणजे पुढच्या वेळी एजंटाला उत्तर देता येईल.

वजनाची परीक्षा मात्र खरोखर उपयोगाची आहे. दहा सेंटिमीटर व्यासाचा पाइप दहा सेंटिमीटर लांब कापा आणि तासलेल्या जमिनीत हलक्या हाताने ठोका. माती न दाबता, दोन्ही बाजू सपाट कापून बाहेर काढा. पाइपाचं आकारमान ७८५ घनसेंटिमीटर होतं. माती ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून वजन करा. ७०० ग्रॅमच्या आत भरली तर घनता ०.९ च्या खाली, म्हणजे राखेच्या मातीचा एक निकष पुरा होतो. कुजलेल्या पाल्याने भरलेली जंगलातली वरची मातीही इतकी हलकी येऊ शकते, म्हणून नमुना तांबड्या थरातूनच घ्या. पायवाटेवरचा, जेसीबी फिरलेल्या जागेवरचा आणि झाडाखालचा असे तीन नमुने काढलेत तर आकड्यांतला फरकच बोलका असतो. अमेरिकेतल्या राखेच्या उतारांवर ओल्या मातीत जड यंत्र नेलं की ती दबते आणि पूर्ववत व्हायला दशकं लागतात, हे तिथल्या वनखात्याचं जुनं दुखणं आहे. आपल्या तांबड्या मातीलाही ओली असताना जेसीबी सोसत नाही.

पाणी मुरण्याची परीक्षा त्याच तीन जागी करा. दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा पाच सेंटिमीटर जमिनीत ठोका. पहिलं पाणी मुरू द्या, दुसऱ्यांदा भरा आणि दहा मिनिटांत पातळी किती उतरली ते पट्टीने बघा. पास-नापास असं काही नाही. झाडाखाली आणि वाटेवर जेवढा फरक पडला, तेवढं पाणी झाडं काढल्यावर तुमच्या अंगावरून वाहणार आहे.

प्रयोगशाळेकडे नेताना

माथा, मध्य आणि पायथा यांचे नमुने कधीही एकत्र करू नका. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीतभर खोलीपर्यंतची माती गोळा करा, मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. फळझाडं लावायची असतील तर ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरपर्यंतचे नमुने वेगळे. बांधाकडेची, शेणखताच्या ढिगाखालची आणि राब भाजलेल्या जागेची माती नको. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत-बाहेर चिठ्ठी लावा.

जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासणी होते. शेंडा पार्कच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात लागवडीबद्दल विचारता येतं. सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्लपणा) सहाच्या खाली येण्याची दाट शक्यता आहे. तसं आलं तर स्फुरद ‘ब्रे’ पद्धतीने काढून मागा. नेहमीची ‘ओल्सन’ पद्धत सामू मध्यम किंवा जास्त असलेल्या मातीसाठी आहे, आम्ल मातीत तिचा आकडा फसवतो. टेबलावरचा माणूस कंटाळला तरी मागा.

राखेची माती ओळखायची सोडियम फ्लोराइडची परीक्षा पुस्तकात वाचून घरी करायला जाऊ नका. ते विष आहे.

पाण्याला वाट

आता मुख्य काम. माण, खटाव, आटपाडीत ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा मंत्र बरोबर आहे, कारण तिथे पाऊसच कमी. तोच मंत्र आणि तेच चर घेऊन लोक गगनबावड्याच्या उभ्या उतारावर येतात, आणि मला याची भीती वाटते. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. घाटमाथ्यावर जुलैत असे दिवस नवलाचे नाहीत. हे पाणी उतारावर अडवून जिरवलं की ते खाली जाऊन त्या अडवणाऱ्या थरावर साठतं, मातीच्या कणांना एकमेकांपासून उचलायला लागतं आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. माती जड झाली म्हणून डोंगर उतरतो असं लोक समजतात. खरं कारण ही सुटलेली पकड.

म्हणून उभ्या, मातीच्या उतारावर पाणी जिरवू नका, हळू चालवा आणि सुरक्षित ओढ्यापर्यंत पोचवा. सपाट सड्यावर (माथ्यावरच्या पठारावर) किंवा मंद उतारावर चर खुशाल काढा.

पहिला चर जागेच्या वरच्या हद्दीवर, वरून येणारं पाणी आत शिरण्याआधीच वळवणारा. हा समपातळीत नसतो, त्याला शंभर मीटरला अर्ध्या मीटरच्या आसपास उतार द्यायचा. त्याहून फार दिला तर चराचाच ओघळ होतो. नळीने दर पाच मीटरवर खुंटी मारून मगच खोदा, नजरेच्या अंदाजावर नाही. चर नैसर्गिक ओढ्यात सोडा आणि जिथे सोडाल तिथे मोठे दगड अंथरा. शेजाऱ्याच्या रानात सोडाल तर पुढची दहा वर्षं तहसील कचेरीत जातील. जुने दगडी ताल (उतारावरचे रचीव बांध) असतील तर ते मोडू नका. कोरड्या रचलेल्या दगडांमधून पाणी झिरपून जातं, म्हणून ते इतकी वर्षं उभे आहेत. सिमेंटची भिंत बांधायचीच असेल तर तिला पाणी निघायची भोकं ठेवा आणि पाठीमागे खडीचा थर द्या. भोकांविना बांधलेली भिंत म्हणजे पाण्याचं धरण, आणि ते धरण म्हणून बांधलेलं नसतं.

उताराचा पायथा कापू नका. जेसीबीवाला अर्ध्या दिवसात सुंदर सपाट जागा काढून देतो, निघालेली माती खालच्या कडेला लोटतो आणि तुम्हाला वाटतं जागा दुप्पट झाली. वरच्या उताराचा आधार गेला आणि खालचा भराव पोकळ आहे. घर बांधायचं ते डोंगराच्या मूळ अंगावर, कापून-भरून काढलेल्या जागेच्या कडेला नाही. उताराच्या वरच्या भागात शेततळं नको, शोषखड्डा नको, घराच्या पागोळ्यांचं पाणी मागच्या कापाच्या डोक्यावर नको. वाटेखालची मोरी मोठ्या व्यासाची टाका आणि मे महिन्यात स्वतः साफ करा. पाचोळ्याने तुंबलेली मोरी एका रात्रीत रस्ता घेऊन जाते.

लागवड

उतार नांगरायचा नाही, साफ करायचा नाही, पेटवायचा तर नाहीच. झाडं तोडल्यावर मुळं लगेच मरत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी काही होत नाही आणि माणूस गाफील राहतो. मुळं कुजून पकड जाते ती पुढच्या काही वर्षांत, साधारण तीन ते दहा, आणि नव्या झाडांची मुळं तोवर तिथवर पोचलेली नसतात. दरडीचा धोका त्याच मधल्या काळात. कारवी काढू नका. ती घरासमोर दिसायला नको वाटते, पण उतारावर तिच्याइतकं स्वस्त कुंपण मिळत नाही.

काजूला साठ सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा आणि सात-आठ मीटर अंतर पुरतं. आजरा-चंदगडकडे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं चांगली चालतात. सगळं रान न उकरता खड्ड्यापुरती माती हलवा, खालच्या बाजूने दगडांची अर्धचंद्राकृती ओळ रचा, आणि जास्तीचं पाणी निघायला एका बाजूला तोंड ठेवा. स्फुरद मातीवर फेकू नका, लोह-अॅल्युमिनियम ते तिथेच गिळतं. शेणखतात मिसळून मुळाजवळ, पट्टीने द्या. सामू साडेपाचच्या आसपास किंवा खाली असेल तर रॉक फॉस्फेट चालतं, कारण आम्लात ते हळूहळू विरघळतं. चुना किती ते अहवालावरून ठरवा, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नाही.

फळझाडांच्या मधून हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन राहू द्या. ओढ्याकाठी आणि पायथ्याला बांबू उत्तम. भेग पडलेल्या कडेवर बांबूचं जड बेट लावू नका, त्याची मुळं वरवर राहतात आणि सगळं बेटच माती घेऊन उतरतं. उतार आडवा तोडायला वाळ्याच्या ओळी लावा. एकदा लागल्या की गवे त्या तुडवतात पण उपटून काढत नाहीत. दगडी बांधांचं मात्र गव्यांपुढे काही चालत नाही, दर वर्षी ते रचायचे असं धरूनच चला.

पावसाळ्यातला पहारा

भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, डोक्यावर खिळा मारा आणि दोन खिळ्यांतलं अंतर जूनच्या सुरुवातीला लिहून ठेवा. नंतर दर आठवड्याला, आणि सलग पाऊस लागला की रोज मोजा. अंतर वाढत असेल तर भेगेत चिकणमाती दाबून ती बुजवा, वर ताडपत्री टाका, म्हणजे पाणी आत जाणार नाही. हा तात्पुरता इलाज आहे. वाढ थांबली नाही तर सामान न आवरता खाली या.

झऱ्याकडे लक्ष ठेवा. स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ झाला, भर पावसात आटला, किंवा कधी नव्हता तिथे उमाळा फुटला, तर रात्र व्हायची वाट बघू नका. दारं-खिडक्या अडकायला लागणं, फरशीला तिरकी चीर जाणं, विजेचा खांब कलणं, हीही तीच भाषा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वर राहणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि घाटात रेंज कुठे मिळते ती जागा आधीच बघून ठेवा. खाली उतरताना ओढ्याच्या पात्रातून किंवा घळीतून जाऊ नका, डोंगराच्या सोंडेवरून उतरा.

जमीन घेतल्यावर पहिले दोन पावसाळे पक्कं बांधकाम करू नका. पत्र्याची खोपी बांधा, चर काढा, खुंट्या मोजा, झाडं लावा. दोन्ही पावसाळ्यांत खुंट्या जागच्या जागी राहिल्या आणि चरातलं पाणी ठरल्या ओढ्यात गेलं, तर मग भूतांत्रिक अभियंत्याला जागेवर न्या, खड्ड्याची वही त्याच्या हातात द्या आणि पाया कुठे घ्यायचा ते त्याला ठरवू द्या.